तिसरं कडवं

आमच्या धुळ्याच्या ख्रिस्ती देवळात गायनाची पुस्तकं होती, पण ती वाचता येणारी माणसं निम्मीच. उरलेली निम्मी आसपासच्या खेड्यांतून येणारी, कुणी बांधकामावर जाणारी, कुणी मळ्यात राबणारी. म्हणून आमच्याकडे ओळ सांगायची पद्धत होती. एकानं पुढची ओळ मोठ्यानं, सावकाश बोलून दाखवायची आणि मग सगळ्या मंडळीनं ती चालीवर गायची. हे काम माझ्या वडिलांकडे, आबांकडे होतं. तसे ते शाळेत शिपाई. आठवडाभर हेडमास्तरांच्या शब्दाबरोबर उठायचे-बसायचे, पण रविवारी हेडमास्तरच त्यांच्या तोंडाकडे बघत उभे असायचे. याचा आबांना थोडा माजच होता, खोटं कशाला बोलू.

त्यांचा एक नियम होता. सांगितलेली ओळ चुकली तरी मंडळीनं तीच गायची. "एकानं मधेच शहाणपणा केला की चाळीस गळे चाळीस वाटांनी जातात," असं ते म्हणायचे. स्वतः कधी चुकत नसत, आणि त्यांच्या गैरहजेरीत दुसरं कुणी चुकलं, तर त्याला पुढचा आठवडाभर ऐकवत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी बी.एड. करत होते, तेव्हा आबांचा आवाज बसला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, सगळ्यांचे घरगुती उपाय झाले. मग मुंबईला नेलं. घशात गाठ होती, कॅन्सरची. स्वरयंत्रच काढावं लागलं. परत आले ते गळ्याखाली रुपयाएवढं भोक आणि त्यावर जाळीदार कापड घेऊन. श्वास तिथून, खोकला तिथून. आवाज कुठूनच नाही.

शाळेतली एक पाटी घरी आणून दिली. पहिले काही दिवस ते लिहायचे, पाणी, उशी, पंखा. एका शनिवारी आईनं त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला, तर लिहिलं, "मी देवळात येणार नाही." त्यानंतर पाटीला हातच लावला नाही. मग जेवण सोडलं. आई पेजेची वाटी घेऊन तासतासभर बसायची आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टर म्हणाले, जखम भरली आहे, आता पोटात अन्न गेलं पाहिजे. नाही गेलं तर माझ्या हातात काही नाही. दंडांची कातडी लोंबायला लागली होती. मी विनवण्या केल्या, भांडले, एकदा तर वाटी आपटली आणि ओरडले, "आबा, तुम्हाला मरायचंय का?" त्यांनी डोळे मिटून घेतले. उत्तर मिळालं होतं.

मंडळी रोज संध्याकाळी गायला यायची. आमच्यात ती रीतच आहे, आजाऱ्याच्या खाटेभोवती गायचं. त्यांनी सुरुवात केली की आबा उशी कानावर ओढून घ्यायचे. चौथ्या दिवशी मी दारातच आडवी उभी राहिले आणि म्हणाले, "कृपा करून येऊ नका. ज्याचा गळा गेला त्याच्यासमोर गाता, तुम्हाला काही वाटत नाही का?" सगळे आल्या पावली परत गेले. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

देवळाचे धर्मगुरू, आमचे पाळक, मात्र आले. मी त्यांना सरळच विचारलं, "आपण गातो तरी का?" ते म्हणाले, "देवाला एकदिलानं केलेली स्तुती आवडते, बेटा." मी म्हटलं, "इतकी आवडते तर मग ज्याचा आवाज सगळ्यांना वाट दाखवत होता त्याचाच का काढून घेतला?" बिचाऱ्यांनी चहाही पुरा घेतला नाही. मला वाईट वाटलं नाही. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, फक्त आबा मरत आहेत आणि मला थांबवता येत नाही, एवढंच दिवसभर डोक्यात घणघणत असायचं.

त्या रविवारी केवळ आईची सोबत म्हणून मी देवळात गेले. आमचं घर आवारातच, देवळाच्या खिडकीसमोर; इथलं गाणं तिथं शब्दन् शब्द ऐकू जायचं. एक मास्तर पुस्तकातून ओळी सांगत होते, हजेरी घेतल्यासारख्या भराभर. पहिलं कडवं कसंबसं झालं, मग मागच्या बाया गप्प झाल्या, मग पेटीवालाही थांबला. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई होती, दर रविवारी तीन कोस चालत येणारी. तिनं मला कोपरानं ढोसलं. "अव माय, तू सांग. तुले बठ्ठं पाठ शे."

"पाठ सगळं आहे, पण मला नाही जमणार, अक्का."

"चुकनं तरी काय? तू जे सांगशी ते आम्ही म्हनसूत."

मास्तरांनी सुटका झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. ते गायन मला झोपेतही आलं असतं. दुसरं कडवं सांगितलं, मंडळीनं उचललं. तिसरं कडवं मरणाच्या नदीचं आहे. पाणी छातीशी आलं आहे आणि पाय टेकत नाहीत, असं. त्याची पहिली ओळ ओठांवर आली आणि खिडकीतून मला आमचं बंद दार दिसलं. मी ती ओळ गिळली. चौथ्याची सांगितली, पलीकडच्या काठाची, उजेडाची.

पेटीवाल्यानं मान वर केली. ज्यांच्या हातात पुस्तकं होती त्यांना चूक दिसत होती. हेडमास्तरांनाही. पण कुणी अडवलं नाही. आबांचा नियम होता तो. चाळीस जण नदी न ओलांडताच माझ्याबरोबर पलीकडच्या काठावर गेले.

चौथं संपत आलं आणि देवळाचं दार जोरात आपटलं. आबा! बनियन, चुरगळलेला पायजमा, वाढलेली दाढी, दाराच्या चौकटीला धरून उभे. चेहरा संतापानं लाल. त्यांनी हात वर केला आणि मला तीन बोटं दाखवली.

मी मान हलवली. नाही.

ते बाकांना धरत धरत माझ्याजवळ आले आणि तीच तीन बोटं माझ्या तोंडासमोर नाचवली. लहानपणी पाढा चुकल्यावर ज्या नजरेनं बघायचे, त्याच नजरेनं बघत होते. मी ओळ सांगितली. माझा आवाज फाटला, शब्द अर्धेच बाहेर आले. अर्ध्याच शब्दांवरून मंडळीनं पूर्ण ओळ गायली. पुढची मी रडत सांगितली, तीही त्यांनी नीट करून गायली. ते कडवं मी एकटीनं मेले तरी म्हटलं नसतं. आपण का गातो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि पाळकांना उलट बोलल्याची लाज वाटली.

आबा माझ्या खांद्यावर हात टेकून उभे होते. ओठ हलत होते. त्यांच्या गळ्यावरचं कापड ओळीगणिक फुगत होतं आणि बसत होतं. ताल एकदाही चुकला नाही.

दुपारी आईनं पेज समोर ठेवली. त्यांनी आधी पाटी मागितली. लिहिलं, "तिसरं सोडायचं नाही." माझ्याकडे बोट दाखवून त्याखाली दोन रेघा ओढल्या, पाटी बाजूला ठेवली आणि वाटी ओढून घेतली.

गाठ पुन्हा आली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आबांना मातीत ठेवलं. ओळी मी सांगितल्या. तिसरं सोडलं नाही.