दिवस जायच्या आधीचे डोहाळे

माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यातच आली आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत राहिली. मला तिला जवळ घेताही येईना. आता ती अंगणात सुकत घातलेले बोंबील तुडवत पळते, पण तेव्हाची तडफड मी विसरले नव्हते. दुसरं बाळ जन्मल्याजन्मल्या कुशीत यावं, एवढंच मला हवं होतं.

पालघरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खात्री कुणीच देत नाही. पण तुमच्या अंगात रक्त फार कमी आहे. आधी ते भरून काढा, मग बाळाचं बघा." त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पोटभर जेवायला सांगितलं.

आम्ही मच्छीमार. मोठी पापलेटं बोईसरच्या बाजारात जातात, घरची मासळी आधी पुरुषांना, आणि सुनेला उरलेलं डोकं नि कालवण. भरलं ताट मिळतं ते पोटुशी राहिल्यावर. सासूबाईंनी गोळ्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा फुलला.

"आई, अजून काय नाय," मी म्हटलं.

आमच्याकडे तिसरा महिना सरेपर्यंत कुणी कबूल करत नाही, दृष्ट लागते म्हणून. त्यामुळे मी जितकं नाही म्हणे तितकी त्यांची खात्री पक्की होई. "बरं बरं, नाय तर नाय. तू खा!"

मग काय, माझी नुसती चंगळ! पहिलं ताट माझं. सासूबाई टोपली घेऊन मासळी विकायला जात, तेव्हा सरावलीच्या चाळीतलं हिंदी बोलणारं गिऱ्हाईक विचारी, "मौसी, बड़ा पापलेट नहीं लाया?" सासूबाई ऐटीत म्हणत, "वो बहू का है." शेजारणी नाचणीचे लाडू आणायच्या आणि मी नाही म्हटलं की डोळे मिचकावायच्या. मीही चापून खायचे.

महिने गेले, पोट काही दिसेना. शेवटी सासूबाईंनी मला ओट्यावर बसवलं.

"खरंच काय नाय?"

"पयल्यापासून तेच सांगते!"

"मग माझी पापलेटं गेली कुठं?"

"रक्तात!"

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण धावत आली.

पुढच्या तपासणीत रक्त छान भरलेलं निघालं. काही दिवसांनी खरोखरच दिवस गेले. मी आनंदाने लगेच सांगून टाकलं, तर सासूबाई म्हणतात, "जा गो! एकदा फसले, आता नाय." ताट मात्र त्यांनी मागे घेतलं नाही.

नऊ महिने भरले आणि बाळ दवाखाना डोक्यावर घेतच आलं. डॉक्टरीणबाईंनी ते थेट माझ्या छातीवर ठेवलं. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना. नर्स वजनाला मागू लागली. मी म्हटलं, "नाही देत!"

दारातून सासूबाईंचा आवाज आला, "ऱ्हाऊ दे तिच्याजवळ. आमी थांबतो."