बांगडीच्या वर

उदगीरच्या गौरम्मा सकाळी विभूती लावून लिंगपूजा करतात आणि चहाच्याही आधी बरणीला पीठ घालतात. दोन चमचे गव्हाचं, तितकंच पाणी. सात महिने झाले, एका दिवसाचा खंड नाही.

बरणी सुनेची, वर्षाराणीची. मोबाइलवर बघून ती इटलीच्या खेड्यातल्यासारखा पाव घरी भाजायची. वरून करपल्यागत काळपट, आतून जाळीदार. बरणीतलं आंबलेलं पीठ, म्हणजे खमीर, किती चढलं हे कळावं म्हणून तिनं उभट बरणीच्या मधोमध आपली हिरवी बांगडी चढवली होती. खमीर बांगडीच्या वर आलं की कणीक मळायला घ्यायची.

"पाव हाय का पाटा गं?" गौरम्मा टोमणा मारायच्या.

"अव्वा, कान तर लावा. बोलायलाय बघा!" निवताना पाव तडतडायचा, आणि वर्षाराणी त्याला कान लावून हसायची.

मग ती आजारी पडली, आणि एका सकाळी लातूरच्या दवाखान्यातून तिचा फोन आला. आवाज तुटत होता. गौरम्मांना ऐकू आलं ते एवढंच, "अव्वा... बांगडी... वाढली का?"

या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. सवाष्ण बाईनं खाटेवरून हे विचारावं?

"अभद्र बोलू नगं!" गौरम्मांनी फोन ठेवला.

दुपारी वर्षाराणी गेली. हिरवा चुडा भरून, लिंगायत रीतीनं बसती करून तिला माती दिली. घरी आल्यावर गौरम्मांची नजर बरणीकडे गेली. खमीर बांगडीच्या वर आलं होतं. पोरगी ते विचारत होती.

शनिवारी मुलगा राजशेखर म्हणाला, "सोमवारी निलंग्याचे पाहुणे येणार हायेत, मुलीकडचे. ती बरणी टाकून दे अव्वा. घरभर आंबूस वास यायलाय."

"मला कसा न्हाई येत?"

"तिच्या हाताला यायचा, तोच हाय."

रविवारी गौरम्मांनी सगळं खमीर कणकेत ओतलं. पुढच्या वेळेसाठी चमचाभर मागं ठेवायचं असतं. ठेवलं नाही. बरणी धुऊन, बांगडीसकट ओट्यावर पालथी घातली.

भर दुपारी पाव ओव्हनमधून निघाला. तडतडेना. गौरम्मांनी भीत भीत कान जवळ नेला. आत काचेचं काहीतरी किणकिणत होतं. चुडा भरलेला हात हलावा तसं. थांबायचं, पुन्हा व्हायचं. जणू कुणी तेच तेच विचारतंय.

"वाढलं होतं गं माय," त्या पुटपुटल्या. "बांगडीच्या वर आलं होतं. मलाच कळलं न्हाई."

आवाज थांबला. पाठीमागं ओट्यावर टिच्च झालं.

"काय झालं अव्वा?" बाहेरून राजशेखर.

बरणीपाशी बांगडीचे दोन तुकडे पडले होते.

"बांगडी वाढली रे."

तो दारात आला, थबकला, हुंगत राहिला.

"अव्वा, वास गेला."

वाफाळता पाव समोर होता, आणि घरात कशाचाच वास येत नव्हता.