डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या

मला एका जागी बसवतच नसे. पायाला भिंगरी लावूनच जन्मलाय, असं आई म्हणायची. वडील अहेरीकडच्या जंगलात बांबूतोडीवर जायचे. दहावीनंतर मी एकदा त्यांच्यासोबत गेलो आणि आठवडाभरात पळून आलो. कामाला भ्यालो नव्हतो. संध्याकाळी सगळे जण चुलीकडे बघत मुकाट बसायचे, तेवढं मला सहन झालं नाही.

मग बल्लारपूरला मावशीकडे राहून एका उस्तादांच्या हाताखाली वेल्डिंग शिकायला लागलो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रस्त्याकडेला टिनाचं दुकान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या जाळ्या. पहिले कित्येक दिवस उस्तादांनी मला करंटच दिला नाही. उकिडवं बसायचं, होल्डरमध्ये रॉड धरायचा आणि पत्र्यावर खडूने ओढलेल्या रेघेवरून तो नुसता सरकवायचा. रॉड खालीवर झाला की पुन्हा सुरुवातीपासून. मला वाटायचं, हा माणूस माझी थट्टा करतोय. ते माझ्या हाताकडे बघतही नसत, माझ्या हलणाऱ्या पायाकडे बघत. आधी पाय बसव, हात मागून आपोआप बसेल, म्हणायचे.

आणि रॉडच्या बाबतीत एक नंबरचे चिक्कू. बोटभर उरेपर्यंत रॉड जाळायचा. त्याआधी टाकला तर धुळीतून उचलून समोर धरायचे, "याले काऊन फेकलं बे?"

त्यातच बातमी आली की एक ठेकेदार कारखान्यातल्या दुरुस्तीसाठी वेल्डर घेतोय, शुक्रवारी परीक्षा आहे. दोन पट्ट्या जोडायच्या, मग जोड शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवणार. तडकला की घरी जा. तिकडून वडिलांचाही निरोप आला होता, काम नसेल लागलं तर रविवारी ये, बांबूची तोड सुरू होतेय. त्या चुलीसमोर मला पुन्हा बसायचं नव्हतं.

बुधवारी मी दिवसभर पट्ट्या जोडत बसलो. काळ्या काचेतून ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही. तेवढा अंधारही मला सोसवेना. म्हणून काच बाजूला ठेवूनच रॉड टेकवायचा, उजेड पडला की काच डोळ्यांपुढे आणायची. उस्ताद दोनदा ओरडले. मी हो म्हणालो आणि तेच केलं.

गुरुवारी सकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. पापणी उघडली की पाण्याच्या धारा. मावशीने हाताला धरून दुकानात आणून सोडलं. उस्तादांनी शिव्या घातल्या, मग स्वतः बटाटा कापला, मला खाटेवर आडवं केलं आणि गार चकत्या डोळ्यांवर ठेवल्या. एका डोळ्याने थोडा हात चालवतो, असं मी म्हणून पाहिलं.

"पडून राह्य चुपचाप. कान तं शाबूत हायेत ना?" एवढं बोलून त्यांनी मशीन चालू केलं.

मला संताप आला. उद्या माझं नशीब ठरणार आणि हे माझ्या उशाशी बसून आपली ट्रॉली बनवतायत! आवाज येत राहिले. आधी फटफट, तडतड. मग कढईत भजी तळावीत तसा एकसारखा. मग घुसमटलेला, आणि रॉड चिकटून बंद. उस्तादांचाही हात आज बिघडलाय, असं वाटून मला बरंसुद्धा वाटलं. पण करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून ऐकत राहिलो. दुपारपर्यंत रॉड लांब गेला की जवळ आला हे मला न बघता कळायला लागलं. पाय कधी थांबला ते कळलं नाही.

शुक्रवारी डोळे लाल होते, जोडाची रेघ पुसट दिसत होती. मी काच आधी धरली, मग रॉड टेकवला, आणि भज्यांचा आवाज सुटू दिला नाही. ठेकेदाराच्या मुकादमाने हातोडा घातला. पट्टी दुमडली, जोड तडकला नाही. सोमवारपासून ये, म्हणाला.

पळत दुकानात आलो तर उस्ताद नमाजाला गेलेले. कालची ट्रॉली बघावी म्हणून आत गेलो. ट्रॉलीचे अँगल होते तसेच भिंतीला टेकून होते, एकही जोडलेला नव्हता. माझ्या खाटेजवळ एक भंगार पत्रा पडला होता. त्यावर वेल्डिंगच्या रेघाच रेघा, कशालाही न जोडलेल्या. एक विस्कटलेली, तिच्याशेजारी एक सरळ, मग एक गुठळ्यांची, पुन्हा एक सरळ. बाजूला रॉडचं नवं पाकीट, रिकामं.

मला रडू आलं. डोळे आधीच चुरचुरत होते, तरी आलं. मी तिथेच खाली बसलो.

थोड्या वेळाने उस्ताद आले, टोपी काढून खिशात घातली.

"वाकली?"

"वाकली."

"तुटली नाई?"

"नाई."

"मंग ऊठ," ते म्हणाले, "कालची ट्रॉली तशीच राह्यली."