वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या घरात कुठलीच वस्तू मुलांच्या मापाची आली नाही. चपला दोन बोटं मोठ्या, पुढे कापूस कोंबलेला. गणवेश आतून दुमडलेला, म्हणजे दरवर्षी उसवून खाली सोडता येईल. मी एरंडोलकडची, तिकडेही हेच. त्यामुळे सासऱ्यांनी माझ्या लेकीची बंदूकही वाढत्या अंगाची घेतली, तेव्हा दुकानात हसू आलं ते फक्त मला. बाकी सगळ्यांना ते रीतसर वाटलं.

आमचं गाव दोंडाईच्याजवळ. मका, कापूस आणि मक्यावर ताव मारणारी रानडुकरं. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. पिकाच्या राखणीसाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. तरुणपणी ते बापाबरोबर तितरं मारायला जायचे, मग शिकारीला बंदी आली आणि आबांनी ती मुकाट्याने पाळली. पुढे बंदुकीचा बार निघायचा तो हवेत, डुकरं पळवायला. नजर अधू झाल्यावर ती बंदूक त्यांनी रीतसर जमा करून टाकली. पण भिंतीवरची खुंटी काही काढू दिली नाही. मी तिच्यावर एकदा चाळणी अडकवली तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

माझी लेक त्या खुंटीखाली बसून शिकारीच्या गोष्टी ऐकत मोठी झाली. आठवीत गेली तेव्हा शाळेत नेमबाजी सुरू झाली. एअर रायफल, कागदाचं लक्ष्य, कुणाचा जीव जायचा नाही. वर्षभरात पोरगी अशी तयार झाली की खेळाचे सर घरी आले आणि म्हणाले, हिला स्वतःची रायफल घ्या, रोज सराव झाला तर धुळ्याच्या स्पर्धेत नंबर काढेल. तिच्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. आबा टोपी घालून तयारच होते. जणू त्याच क्षणी निघायचंय.

मे महिन्यात आम्ही सकाळच्या गाडीने जळगावला गेलो. दुकानदार म्हातारा होता, दुरुस्तीही स्वतःच करायचा. त्याने दोन रायफली काढून ठेवल्या. एकीचा छर्रा बारीक, पॉइंट वन सेव्हन सेव्हन. दुसरीचा जाड, पॉइंट टू टू. आबांनी अर्थातच जाड उचलली. त्यांच्या मते बंदूक घ्यायची तर निदान डुकराने मान वर करून बघावं अशी घ्यावी.

"आबा, स्पर्धाम्हा बारीकच चालस," लेक म्हणाली.

"तठे चालस, पन वावरम्हा?"

"वावरम्हा तुम्ही शेतस ना!"

वावर राखायला आबा स्वतःच आहेत म्हटल्यावर दुकानदारही हसला. आबा विरघळले, बारीक छर्ऱ्याला तयार झाले. मग दुकानदाराने तिचा हात कोपरात वाकवला, रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, कोपराच्या खळगीत टेकवला आणि बोट घोड्याकडे न्यायला सांगितलं. बोट पोचेना. दोन बोटं कमी पडत होती. तो म्हणाला, दस्ता एवढा कापून देतो, तुकडा सांभाळून ठेवा, पोर वाढली की स्क्रूने परत बसवून देईन. अगदी सरळ गोष्ट होती.

आबांचा चेहरा मात्र असा झाला, जणू त्याने बैलाचं शिंग कापायला मागितलं. "पोर वाढी ना!" ते म्हणाले. "कापेल लाकूड माघारी येस का? जोडेल ते जोडेलच." कापून पुन्हा जोडलेलं लाकूड त्यांना नकोच होतं. तिच्या पाठीवर थाप मारून त्यांनी सौदा मिटवला, "छर्रा तुना, दस्ता मना."

छर्रा तिच्या मताचा, दस्ता त्यांच्या, याला ती कबूल झाली. बंदूक मिळाली यातच तिचं पोट भरलं होतं. परतीच्या गाडीत ती पेटी मांडीवर घेऊन बसली आणि कुणी विचारलं की आत काय आहे, तर गंभीर चेहरा करून म्हणायची, पेटी-तबला.

पावसाळाभर गोठ्यात सराव चालला. पलीकडे कापसाची गोणी, तिच्यावर कागद. म्हशी आधी दचकायच्या, मग त्यांनीही नाद सोडला. आबा खाटेवर बसून ऐकायचे. कागदावरचं त्यांना दिसत नव्हतं, पण आवाजावरून म्हणायचे, हा गेला, हा बसला. बहुतेकदा बरोबर असायचे. मला त्याचा रागही यायचा, कारण एवढं कळणाऱ्या माणसाला पोरीची मान कशी अवघडते ते कळत नव्हतं. लांब दस्त्यामुळे तिला खांदा मागे ओढून, मान ताणून नेम धरावा लागे. रात्री मी तेल लावून द्यायची.

"आबा, मनी मान दुखस. कापी टाका ना दोन बोटं."

"हात दाखाड."

मग दर सोमवारी तोच सोहळा. दस्ता कोपरात, बोट पुढे. आबा चष्मा कपाळावर सारून अगदी जवळून पाहायचे आणि समाधानाने म्हणायचे, "यी ऱ्हायनं, यी ऱ्हायनं." खरंच थोडं थोडं येत होतं. त्या वर्षी ती वाढतही होती, गणवेशाची दुमड मी जूनमध्येच उसवली होती.

धुळ्याच्या स्पर्धेत तिचा नंबर थोडक्यात हुकला. सुरुवातीचे नेम सुरेख बसले, शेवटी मान थरथरायला लागली. बाहेर आली तेव्हा रडली नाही. आबांना म्हणाली, पुढच्या वर्षी बसेल तुमचा दस्ता, मग बघा. आबांनी तिला उसाचा रस पाजला आणि स्वतःही दोन ग्लास प्यायले. मी सरांसमोरच म्हणाले, आबा, आता तरी कापा. ते म्हणाले, आता एवढंसं राहिलंय, आता काय कापायचं.

गणपती उठले आणि तिला ताप आला. डेंग्यू. दोंडाईच्याहून धुळ्याला नेलं. आबांना दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोटारसायकलवर घेऊन आलं. एका हाताला सलाईन होतं. आबा दिसताच तिने दुसरा हात कोपरात वाकवला, बोट पुढे केलं आणि म्हणाली, "पहा आबा, कितलं ऱ्हायनं?"

तिथे बंदूक कुठून असणार? आबांनी तिच्या कोपरापासून आपली वीत लावली, वितीपुढे चार बोटं ठेवली. तिचं बोट तिथे संपलं. "यी ऱ्हायनं," ते म्हणाले. ती तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. त्याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

त्या वर्षी आमच्याकडे सण नव्हता. खंडेनवमीला इतर घरांत कुऱ्हाडी, विळे, ट्रॅक्टर धुऊन झेंडूच्या माळा चढल्या. आमची अवजारं होती तशी कोपऱ्यात. मी भाकरी थापत होते. आबांनी खुंटीवरची रायफल काढलेली मी पाहिली. वाटलं, म्हातारा गुपचूप हळदकुंकू वाहील, वाहू दे.

मग करवतीचा आवाज आला.

मी पिठाच्या हातांनी ओसरीवर धावले. आबा पाटावर बसले होते, दस्ता पायांत धरलेला. घोड्यापासून त्यांनी वीत लावली होती, पुढे चार बोटं, आणि तिथे कोळशाची रेघ. रेघेवर करवत चालू होती. मला संताप आला. मी म्हणाले, "आबा, आता? आता कशाला?"

ते कापतच राहिले. लाकूड कडक होतं, मधेमधे थांबून ते दम घेत होते. मी त्यांना थांबवू शकले असते. पण शेवटी मीच समोर बसले आणि नळीकडची बाजू धरली, म्हणजे करवत हलू नये.

तुकडा तुटून भुशात पडला. आबांनी कापलेल्या कडेवर अंगठा फिरवला, उघडं पडलेलं लाकूड धोतराने पुसलं.

"आते बसी तिले," ते म्हणाले.

ते रायफल खुंटीवर लावायला आत गेले. मी भुसा गोळा केला, तुकडा उचलला. तो आता जेमतेम एका बोटाएवढा होता. पोरगी एवढंच तर मागत होती.