हाक आणि ओ यांच्या मध्ये

घाटकोपरच्या टेकडीवर आमच्या दोन खोल्यांत दोन हॅम राहतात, मी आणि माझा नवरा. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढायचा, गच्चीवर तार ताणायची आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाला हवापाणी विचारत बसायचं. खिशात फोन असताना हे कसलं खूळ, असं शेजारीण विचारते. तुला नाही कळायचं, जा, म्हणते मी.

त्या आठवड्यात मात्र गावाकडचे फोनच मेले. मालवणकडे वादळ झालं, नवऱ्याच्या गावची वीज गेली, टॉवर गेले. घरावरचे पत्रे उडाल्याचा निरोप आला तसा नवरा छोटा सेट आणि मोटरसायकलची बॅटरी पिशवीत घालून निघाला. पहिल्या दोन सकाळी त्यानंच हाक मारली आणि मजेत बोलला. फणसाला तार बांधलीय, शेजारच्यांनी पेज दिली, वगैरे. मग म्हणाला, "बॅटरी उतरतेय. उद्यापासून हाक तू मार. मी लगेच ओ देईन, दोन शब्दांत. जास्त बोलायला लावू नकोस हां."

दुसऱ्या दिवशी मी हाका मारल्या. ओ नाही.

बॅटरी संपली असेल, म्हणून मी मनाची समजूत घातली. संध्याकाळी कुर्ल्याहून त्याच्या मावसभावाचा फोन आला. गावाकडून आलेला ट्रकवाला सांगत होता, वाडीत माड पडून एक मुंबईकर गेला. नाव? नाव ट्रकवाल्याला ठाऊक नव्हतं. "वहिनी, तुम्ही घाबरू नका," असं म्हणून तो फोनवरच रडायला लागला. आता काय बोलायचं ह्याला!

सकाळी मी पुन्हा सेटसमोर बसले. आमचा जुना सेट अर्धा बहिरा. त्यावरून फक्त बोलायचं. ऐकायला काडेपेटीएवढी डबी लॅपटॉपला जोडलेली, बाकी रिसीव्हर सगळा सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या मदतीला मुलुंडचे एक काका होते, तेही हॅम, रिटायर्ड, मनानं लोणी आणि सेट असा दणकट की अर्ध्या मुंबईला ऐकू जावा. त्यांच्या बिल्डिंगच्या नव्या एलईडी दिव्यांमुळे रेडिओत येणाऱ्या खरखरीत त्यांना स्वतःला लांबचं काही ऐकू येत नसे, म्हणून ते हाका मारायचे आणि कान माझे. एक हाक त्यांची, एक माझी.

हाक. शांतता. हाक. शांतता.

"धीर धर पोरी," काका म्हणाले.

"काका, तो नसेलच तर आपण कोणाला हाका मारतोय हो?" मी बटण दाबूनच बोलले. माझा आवाज फुटला. काका जड आवाजात म्हणाले, "पत्रे उडालेलेच राहिले असते तर राहिले असते. जायलाच नको होतं त्यानं." होतं! माणूस गेल्यावर बोलतात तसं बोलले.

तरी ते पुन्हा हाक मारायला लागले. मी पडद्याकडे बघत होते, कारण दुसरं काय करणार? निळ्या पडद्यावर आवाजांचे पट्टे वरून खाली सरकतात. काकांचा पट्टा जाड, पिवळाधम्मक. तो संपला आणि त्याच्या मागोमाग एक फिकट रेघ उमटली, केसाएवढी. कानात मात्र काही नाही. अगदी काहीच नाही.

आणि तिथेच मी दचकले. अगं, खरखर कुठे गेली? रेडिओ चालू असला की खरखर असतेच. हाकेनंतर कान ठार बंद होत होते आणि खरखर हळूहळू, लाडात आल्यासारखी, परत वर येत होती.

एजीसी! ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. मोठा आवाज आला की रिसीव्हर आपणहून कान मिटतो, आवाज गेला की उघडतो. किती सावकाश उघडायचे, ते आपण ठरवायचं. दोन शब्दांच्या मध्ये खरखर उसळून डोकं उठतं, अशी कटकट मी केली होती, म्हणून नवऱ्यानंच जाण्याआधी ते 'स्लो'वर ठेवलं होतं. आणि बॅटरी वाचवायला तो ओ द्यायचा लगेच. कान मिटलेले असतानाच. काकांच्या मायेच्या हाकेनं, माझ्याही हाकेनं, त्याचा ओ गिळला जात होता. जर ती रेघ त्याची असेल तर. आणि बॅटरीत काही उरलं असेल तर.

मी एजीसी बंद केलं आणि हातानं गेन, म्हणजे कानांची ताकद, पार वर चढवला. हेडफोनमध्ये पत्र्यावर खडी ओतल्यासारखा गोंगाट. "काका, एकदाच हाक मारा आणि मग कृपा करून तोंड बंद ठेवा!" वडीलधाऱ्या माणसाला असं बोलले मी. त्यांनी हाक मारली तेव्हा हेडफोन कानांपासून लांब धरला, तरी डोक्यात घण बसले. ते थांबले. मी हेडफोन दाबून धरला.

खडीच्या तळाशी, बसलेल्या घशाचा, त्याचा आवाज.

"आसंय गो, आसंय. हंयसरच आसंय. सगळा आयकतंय. रडा नको."

सगळा आयकतंय. म्हणजे तो तिथेच होता, कालपासूनचं सगळं ऐकत. त्याची बायको त्याला रडत होती आणि काका त्याला 'होता' करून बसले होते, आणि हा फणसाखाली बसून ओ देत होता, दर हाकेला, घसा फाटेपर्यंत. मी "ऐकलं, ऐकलं रे" म्हणाले. त्यानंतर रेघ उमटली नाही. बॅटरी तेवढीच होती.

तो आला, पत्रे घालून, काळा पडून. माडाखाली गेलेला मुंबईकर दुसऱ्याच कुणाच्या घरचा होता. त्या घरचा फोनही वाजलाच असेल.

एजीसी आता 'फास्ट'वर असतं, खरखरीबद्दल मी चकार शब्द काढत नाही. पण नवऱ्याला एक सवय जडली ती जडलीच. मोरीत असो, गच्चीवर असो, मी हाक मारली की तो लगेच ओ देत नाही. थोडं थांबतो, माझे कान उघडायला वेळ देतो, आणि मग देतो. तेवढ्या वेळात हातातलं भांडं धरून मी उभी असते, कान लावून.

"लगेच ओ दे ना रे, मेल्या!"