थंड टायरची हवा

रिसोडच्या स्टँडवर त्याची जीप माझ्या जीपशेजारीच लागते. नाव मी विचारलं नाही. विचारणारही नाही. दोघंही केनवडच्याच सवाऱ्या नेतो, पण डिझेल त्याला कमी लागतं, टायर कडांनी झिजतात ते माझे, अन् वळणावर डुलते तीही माझीच गाडी.

सकाळी तो उकिडवा बसून चारही टायरची हवा मीटरनं पाहतो. आम्ही बाकीचे लाथ मारून पाहतो.

एकदा भर दुपारी, फेरीहून आल्यावर मीही मीटर लावलं. जास्त दाखवलं म्हणून हवा सोडू लागलो.

"गरम टायर खोटं बोलते, भाऊ. थंडा असला की पाहत जाय."

तो चहाला वळताच मी त्याच्या टायरला सणसणीत लाथ हाणली.

"बरोबर हाये ना हवा?" मागून त्याचाच आवाज.

पाय चोळत म्हणालो, "थोडी कमी हाये."