चंद्रशेखररावांच्या चुका कुणाकडे जातात?

चंद्रशेखररावांचा विश्वास दोघांवरच होता: स्वतःवर आणि कोबोलवर. त्या जुन्या संगणकभाषेच्या जिवावर ते नागपूरहून इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सपर्यंत पोचले होते. २००३ साली कंपनीने कोबोल गुंडाळलं आणि फर्मावलं, कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात जावा ही नवी भाषा शिका, पास व्हा, नाहीतर हातात नारळ. नोकरी गेली की व्हिसाही जाणार, म्हणजे चंबूगबाळं आवरून परत.

वर्ग घ्यायची वैभवी, तिकडेच कार्डिफमध्ये जन्मलेली, त्यांच्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने त्यांना मुद्दाम मराठीत समजावलं, "काका, तुम्ही जिथे चुकणार ना, ते सगळं कॉम्प्युटर सेव्ह करतो. मग मला कळतं, कुठे हेल्प पाहिजे."

रावांच्या मनात लगेच पाल चुकचुकली. फी कोण भरतंय? कंपनी. मग चुका कुणाकडे जाणार? आधीच्या नोकरीत प्रोग्रॅम कोसळला की माणसाचं नाव लाल अक्षरांत साऱ्या ऑफिसला मेलने जायचं. इथे तेच चाललंय, फक्त गोड बोलून!

तेव्हापासून राव घरीच प्रोग्रॅम लिहायला लागले. उत्तर जुळेपर्यंत कुठे एक मिळव, कुठे एक वजा कर, असले उद्योग करायचे आणि वर्गात येऊन पाठ केलेलं टाइप करायचे. का जुळलं, हे त्यांनाही ठाऊक नसायचं. बायको, श्यामलाबाई, म्हणाल्या, "अहो, शिकायला जाता की लपवायला?" राव पुढची ओळ पाठ करायला लागले.

झालं भलतंच. संशय वैभवीला आला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिने त्यांना वर्गानंतर थांबवलं. "काका, सगळ्यांच्या मिस्टेक्स आहेत, तुमचा एक पण नाही. कोणाकडून कॉपी करता का? मला रिपोर्ट करावा लागेल."

चोरीचा आळ! रावांचं डोकंच फिरलं. "बस इथे. आत्ता लिहून दाखवतो!"

रागाच्या भरात त्यांनी नवा प्रोग्रॅम ठोकायला घेतला. तो कोसळला. दुरुस्त केला, पुन्हा कोसळला. वैभवीने खुर्ची जवळ ओढली. "ओह! तुम्ही एकपासून मोजता. जावा झिरोपासून मोजतो. कोबोलवाले सगळे इथेच अडकतात."

इतके दिवस नडलेलं कोडं चुटकीसरशी सुटलं. पण आनंद व्हायच्या आत रावांच्या ध्यानात आलं. सगळं सेव्ह झालं होतं.

"हे आता माझ्या मॅनेजरकडे जाणार ना?"

वैभवीने स्क्रीनवरची नजर काढली. "त्यांनी मिस्टेक्सचा रेकॉर्ड मागितला होता. फक्त तुमचा. परत परत फोन केला."

"बघ! मला माहीतच होतं!" राव जवळजवळ खूश होऊन ओरडले.

"मी नाही दिला, काका. म्हटलं, स्टुडंटचा चूक माझ्याकडेच राहणार. आता पुढच्या टर्मला ते इथे कोणाला पाठवणार नाहीत. माझा क्लास बंद होईल बहुतेक."

रावांना तिच्याकडे बघवेना. कंपनी त्यांनी अचूक ओळखली होती, पण या पोरीला ओळखायला चुकले होते, आणि त्याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुन्हा स्क्रीनकडे वळवली.

"वैभवी," ते म्हणाले, "तो फाइल वाचायचा धडा आहे ना, त्यातलं मला काही म्हणजे काहीच येत नाही. पहिल्यापासून सांग."